आवाज ठेवायची जागा

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या डिजिटल लॅबमध्ये ध्वनिकक्षाचा संगणक बंद आढळला. तो पुन्हा सुरू केला तेव्हा त्यात एकही फाईल नव्हती.

आदल्या संध्याकाळपर्यंत त्या संगणकात जोतिराम मेटकरी यांचा आवाज होता. आठवडाभर रोज थोडा थोडा करून साठवलेला, सुमारे तासाभराचा. शुक्रवारी सकाळी शहरातल्या एका रुग्णालयात त्यांची स्वरपेटी काढायची होती. त्यासाठी गुरुवारी दुपारी चारपर्यंत दाखल व्हायचे होते.

लॅबचा तांत्रिक सहायक सिद्धलिंग खुर्चीत बसला नाही. उभ्यानेच त्याने डेस्कटॉप पाहिला, मग रिसायकल बिन उघडले, मग दुसरा ड्राइव्ह. शेजारी जोतिराम यांची मुलगी सुकन्या मैत्रिणीकडून आणलेली हार्ड डिस्क घेऊन उभी होती. फाईल उतरवून घ्यायला ती आली होती.

"कुठल्या फोल्डरमध्ये आहे, सर?"

सिद्धलिंगने पुन्हा रिसायकल बिन उघडले.

"सर?"

"मशीन कुणी बंद केलं?" तो म्हणाला.

लॅबमधल्या संगणकांना एक सोय करून ठेवलेली आहे. दिवसभर विद्यार्थी तिथे आपापले पेन ड्राइव्ह लावतात आणि त्यांतून व्हायरस येतात. म्हणून संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला की तो पहिल्यासारखा कोरा होतो. मधल्या काळात कोणी काय ठेवले ते सगळे पुसले जाते. ठेवायचे ते सर्व्हरवर ठेवा, ही सूचना प्रत्येक कार्यशाळेच्या सुरुवातीला दिली जाते. या वेळी मात्र सर्व्हर जुन्या वर्तमानपत्रांच्या स्कॅन केलेल्या पानांनी भरून गेला होता आणि नवी डिस्क यायची होती. "तोवर डेस्कटॉपवर राहू द्या, फक्त मशीन बंद करायचं नाही," असे सिद्धलिंगनेच सांगितले होते. स्विचबोर्डाच्या वर त्याने तसा कागदही चिकटवला होता. आठवडाभर तो संगणक रात्रंदिवस चालू होता. या काळात फाईल एखाद्या फोनवर घेता आली असती. कोणी घेतली नाही.

"वीज गेली असेल," सुकन्या म्हणाली.

"यूपीएस आहे की. आणि वीज गेली असती तर बाहेरची मशीनं पण गेली असती." सिद्धलिंगने टेबलाखाली वाकून पाहिले. "बटणं खाली होती सगळी. मी आलो तेव्हा पंख्याचं, दिव्याचं, सगळी. काल शेवटी कोण होतं आत?"

सुकन्याला आठवले. काल शेवटचे वाक्य झाल्यावर ती हेडफोन परत करायला काउंटरवर गेली होती. तिचे वडील, आबा, मागून आले. डॉक्टरांनी काल संध्याकाळपासून बोलणे बंद ठेवायला सांगितले होते, आणि बंद होण्याआधीचे त्यांचे शेवटचे शब्द तिने ऐकले होते. ऐकून सोडून दिले होते.

समदं इजवून आलो, असे ते म्हणाले होते.

"आबांनी," ती म्हणाली.

सिद्धलिंग ताठ झाला. कागदाकडे बघून म्हणाला, "पण मी एवढ्या मोठ्या अक्षरात..." आणि तिथेच थांबला. जोतिराम यांना वाचता येत नाही, हे आठवडाभर त्याच्यासमोरच होते. प्रत्येक वाक्य सुकन्या वाचून दाखवायची आणि ते मागून म्हणायचे.

जोतिराम मेटकरी मंगळवेढा तालुक्यातले. मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने बाहेर, कधी भीमेच्या काठाने, कधी थेट विजापूरकडे. शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, खत पडले की पुढच्या रानात. तळ हलवताना तीन दगडांच्या चुलीवर पाणी ओतायचे आणि राख पायाने चाचपून बघायची, ही रीत. वाऱ्याने ठिणगी उडाली आणि दुसऱ्याचा कडबा पेटला, तर पुढच्या वर्षी त्या गावात पाय ठेवता येत नाही. जोतिराम यांनी दुसऱ्याच्या जागेत जळते काही ठेवून कधी पाठ फिरवलेली नव्हती. सुकन्याच्या जुळे सोलापूर भागातल्या भाड्याच्या खोलीतही ते पाणी प्यायला उठले तरी जाताना दिवा बंद करत.

आवाज साठवण्याची कल्पना सुकन्याची. ती एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅबमध्ये ध्वनिमुद्रणाची कार्यशाळा झाली, तेव्हा प्रश्नोत्तरांत सगळ्यांनी माइक कुठला घ्यावा, पॉडकास्ट कुठे टाकावा असे विचारले. तिने विचारले, माणसाचा आवाज जाणार असेल तर आधी काढून ठेवता येतो का? सिद्धलिंगने दोन दिवसांनी तिला फोन करून सांगितले की येतो. सुमारे तासभर स्वच्छ बोलणे मिळाले तर त्यावरून त्याच आवाजात नवी वाक्ये तयार करणारे सॉफ्टवेअर आहे. फोनवर चित्रांची बटणे ठेवायची. तांब्यावर बोट ठेवले की त्या माणसाच्या आवाजात पाणी मागितले जाईल.

दुसऱ्या घरात हातवारे चालले असते, या घरात नाही. जोतिराम यांच्या बायकोला, मायाक्काला, काचबिंदूमुळे दिसत नाही. उजेड आणि अंधार एवढेच कळते. जोतिराम यांना लिहिता येत नाही, मायाक्काला बघता येत नाही. स्वरपेटी गेली की त्या दोघांत एकमेकांना काही सांगायचे साधन उरणार नव्हते.

तयार, विकतच्या आवाजावर काम भागते का, हेही सुकन्याने पाहिले होते. एका पुरुषी आवाजातले वाक्य तिने काका अजिनाथच्या फोनवर आईला ऐकवले.

"ह्यो कोन बाप्या?" मायाक्काने विचारले.

"कोन न्हाय, आई. मशीन हाय. आबांच्या बदली बोलनार."

"परका बाप्या घरात उभा ऱ्हाऊन पानी मागाय लागल्यावर मी पानी देऊ का बोंब मारू?"

त्यानंतर तयार आवाजाचा विषय निघाला नाही.

सिद्धलिंगने पुसलेल्या फाईली परत आणणारे सॉफ्टवेअर लावले. अर्ध्या तासाने पडद्यावर ओळखीची नावे दिसू लागली: मेटकरी एक, मेटकरी दोन. सुकन्याने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिले. त्याने पहिली फाईल वाजवली. नुसती खरखर. दुसरीही तशीच. तिसरीत एका ठिकाणी सुकन्याचाच आवाज आला, "आता म्हणा, आबा," आणि पुढे पुन्हा खरखर.

"चालू ठेवतो," सिद्धलिंग म्हणाला. "पण यावर विसंबू नका."

"परत बोलवायचं?"

"दुसरं काय? पण त्यांना बोलायची परवानगी आहे का?"

तिने रुग्णालयात फोन लावला. दोनदा कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा निवासी डॉक्टर मिळाल्या. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "गाठ वाढलेली आहे. बोलण्याने नवीन काही बिघडेल असं नाही, पण सूज आली तर श्वासाची वाट बंद होईल. बोलू दे थोडं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला की एक मिनिटही थांबायचं नाही. सरळ इकडे."

जोतिराम बाहेर पायऱ्यांवर सावलीत बसले होते. डोक्याला पटका, गळ्याभोवती उपरणे, शेजारी दवाखान्यात न्यायची पिशवी. सुकन्या समोर उभी राहिली तेव्हा त्यांनी हातानेच विचारले, झालं?

"लाइट गेल्ती, आबा," ती म्हणाली. "समदं पुसलं. परत बोलावं लागंल."

त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिले. मग कालपासूनचे मौन मोडले. आवाज तळाशी पाणी गेलेल्या विहिरीत पोहरा घासावा तसा येत होता.

"हप्ताभर बोललेलं?"

"व्हय."

"कुटं गेलं?"

"कुटं न्हाय गेलं. पुसलं."

"मेंढरू चुकलं तर कुटंतरी असतंयच की," जोतिराम म्हणाले. "ह्ये असं कसं?"

ते उठले, पिशवी उचलली आणि तिच्यामागून आत आले.

लॅबमध्ये बारा वाजता कार्यशाळा होती: शोधप्रबंधातले साहित्यचौर्य कसे तपासावे. बार्शी, अक्कलकोट, सांगोल्याहून प्राध्यापक येऊ लागले होते. ध्वनिकक्ष म्हणजे याच दालनाच्या कोपऱ्यात काचेने घेतलेली खोली. बाहेर चाळीस माणसे बोलू लागली की आत ऐकू येतेच. सिद्धलिंग ग्रंथपाल राजेश्वरी मॅडमच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले.

"सर्व्हर भरलाय हे मला कधी सांगितलंत?" त्यांनी विचारले.

"सांगितलं होतं की, मॅडम. डिस्कचा प्रस्ताव तुमच्याच टेबलावर आहे."

त्यांनी टेबलाकडे पाहिले नाही. "किती वेळ लागेल?"

"मिळेल तेवढा."

"कार्यशाळा पुढे ढकलता येत नाही. पाहुणे पुण्याहून आलेत." त्या उठल्या. "जेवण आधी लावा. वरच्या मजल्यावर."

पावणेबारा वाजता प्राध्यापकांना जेवायला बोलावण्यात आले. "आज तपासायच्या आधीच पोटात ढकलायचं का, मॅडम?" त्यांतले एक जण म्हणाले. काही हसले. राजेश्वरी मॅडम जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि शेवटचा माणूस वर जाईपर्यंत हलल्या नाहीत. मग त्यांनी लॅबचे दार बाहेरून ओढून घेतले आणि तिथेच खुर्ची टाकून बसल्या.

"बर्री, आबा, कुंडरी," सिद्धलिंग म्हणाला. तो कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचा. विजापूरकडे हिंडलेल्या जोतिराम यांच्याशी पहिल्या दिवसापासून तो असेच कन्नडमध्ये या-बसा करायचा. जोतिराम बसले. आवाज शिरतो म्हणून एसी बंद केला. काचेच्या खोलीत पाच मिनिटांत घाम फुटला.

सुकन्याने वाक्यांचा कागद समोर धरला. "मला भूक लागली आहे."

"भूक लागलीया. भाकरी टाक."

"भाकरी यात नाही, आबा," सिद्धलिंग काचेपलीकडून म्हणाला. त्याच संगणकाचा दुसरा पडदा आणि माउस त्याच्याकडे काचेबाहेर होता. वाक्ये लिहिली आहेत तशीच यायला हवीत, असा सॉफ्टवेअरचा आग्रह होता. आठवडाभर हाच वाद चालला होता.

"मग ह्यो लिवनारा उपाशी मरंल की."

सिद्धलिंग हसला नाही. पडद्यावर आवाजाची रेघ उमटत होती. सोमवारी ती जाड आणि सलग होती. आज ती मध्येच तुटत होती. त्याने आवाज वाढवला. मग रेघेबरोबर श्वासही मोठा दिसू लागला.

"माझ्या छातीत दुखत आहे."

"छातीत दुकतंय."

"आज कोण आलं होतं?"

"आज कोन आल्तं?"

"मायाक्का, इकडे ये."

जोतिराम यांनी उपरणे सारखे केले. हे वाक्य त्यांनी सोमवारीही म्हटले नव्हते. लेकीसमोर बायकोचे नाव घ्यायचे, हे त्यांना जमणारे नव्हते. तेव्हा "सुकेची आय, हिकडं ये" असे घेतले होते. आज सुकन्या स्वतःच घाईने म्हणाली, "तसंच म्हणा, आबा, तुमचं तुमी."

"सुकेची आय..." आणि खोकला. तो बराच वेळ थांबला नाही. सिद्धलिंगने तेवढा भाग कापला.

साधारण पंधरा मिनिटांचे झाल्यावर त्याने हात वर केला. फाईल बंद करून सुकन्याच्या डिस्कवर घेतली, तिच्या फोनवर घेतली, स्वतःच्या फोनवर घेतली. मग दार उघडून तो आत आला. "चला, आबा, घोटभर पाणी प्या. बाहेर वारा घ्या."

सिद्धलिंग बाहेर निघाला, त्याच्यामागे सुकन्या. जोतिराम शेवटी उठले. दाराशी आल्यावर त्यांचा हात सहज भिंतीवर गेला आणि एका दिव्याचे बटण खाली झाले, मग दुसऱ्याचे. तिसऱ्यावर बोट टेकले तेव्हा सिद्धलिंगने मागे वळून त्यांचे मनगट धरले. जोरात धरले.

अंधारलेल्या खोलीत संगणकाचा पडदा तेवढा चालू होता.

जोतिराम यांनी आपल्या मनगटाकडे पाहिले, मग सिद्धलिंगच्या तोंडाकडे. मग बटणांच्या वर चिकटवलेल्या कागदाकडे.

"काय लिवलंय?"

"काय न्हाय, आबा," सुकन्या म्हणाली. "कंपनीचं नाव हाय."

"तुला न्हाय इचारलं." ते सिद्धलिंगकडे वळले. "तू सांग."

सिद्धलिंगने मनगट सोडले. "मशीन बंद करू नये, असं लिहिलंय."

"काल बी हुता ह्यो कागद?"

"होता."

"लाइट न्हवती गेली."

सुकन्याने दिव्यांची बटणे पुन्हा वर केली.

"दुसऱ्याच्या रानात..." जोतिराम म्हणाले आणि त्यांचा आवाज बसला. त्यांनी छातीवर हात ठेवला, पुन्हा सुरुवात केली. "दुसऱ्याच्या रानात इस्तू ठिऊन उठायचं न्हाय. म्हनून इजवला."

"तुमची चूक नाही, आबा," सिद्धलिंग म्हणाला. "मी दुसरीकडं ठेवायला पाहिजे होतं. चूक माझी आहे."

"आवाज माझा हाय न्हवं?"

पाणी प्यायला ते बाहेर आले नाहीत. खुर्चीत जाऊन बसले आणि माइक स्वतःच तोंडाजवळ ओढला. "सांग, पोरी. म्होरलं सांग."

"जरा दम घ्या, आबा."

"सांग म्हनतोय न्हवं?"

तिने सांगितले. त्यांनी म्हटले. पुढचे सांगितले, म्हटले. आता ते कागदातले शब्दही जसेच्या तसे म्हणत होते, भूक लागली आहे, थंडी वाजत आहे, परक्या माणसासारखे. सिद्धलिंगला आठवडाभर हवे होते तसे. त्याने मध्येच माइकमधून सांगितले, "आबा, तुमच्याच बोलीत म्हणा. चालतंय." ऐकू गेले की नाही, कळले नाही. वाक्यांमधला श्वास लांबत होता आणि त्याला बारीक धार येत होती.

सुकन्याने कागद खाली ठेवला. "बास, आबा."

"किती झालं?"

"पंचवीस मिनिटं," सिद्धलिंगने सांगितले. त्यांत स्वच्छ किती हे सांगितले नाही.

"काल तासभर हुतं."

"चालेल तेवढ्यात. करतो मी काहीतरी."

जोतिराम यांनी मान हलवली. आणि मग कोणी न सांगता ते बोलू लागले. कागदातले नाही. माइककडे न बघता, खाली बघून.

"सुकेची आय. काळ्या तोंडाची मेंढी व्यायला झालीया. अजिनाथला म्हनावं तिला कालव्याकडं न्हिऊ नगं. चिखुल हाय. दोरी छपराच्या आडव्याला हाय, उजव्या अंगाला, हात वर केला की घावंल. न्हानीत शेवाळ झालंय, अजिनाथच्या बायकूला घासाय सांग, तू जाऊ नगं. औशिदाच्या बाटल्या दोन हायत. बारकी डोळ्याची. मोटी पायाची. मोटी डोळ्यात घालू नगं."

श्वास. शिट्टी नव्हती, पण दूर नव्हती.

"मी आल्यावर काय बी बोलनार न्हाय. गप बसलोय म्हनून रागावलोय असं समजू नगं."

"आबा, बास की," सुकन्या म्हणाली. तिने त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला. तिने काचेतून सिद्धलिंगकडे पाहिले. ध्वनिमुद्रण बंद केले असते तर ते थांबले असते. सिद्धलिंगचा हात माउसवर होता. त्याने बंद केले नाही.

"वाघ्याला भाकरी..." जोतिराम म्हणाले. वाघ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. पुढचा शब्द आला नाही. आत घेतलेला श्वास दाराच्या फटीतून वारा यावा तसा वाजला. दुसरा त्याहून मोठ्याने.

"साकु, आबा, साकु री! पुरे आता!" सिद्धलिंग धावत आत आला. त्याने त्यांना खुर्चीतून उभे केले. जोतिराम यांचे ओठ काळसर पडले होते. एका हाताने ते उपरणे ओढून काढत होते.

राजेश्वरी मॅडमनी आपली गाडी पायऱ्यांशी आणली. जेवून खाली उतरणारे प्राध्यापक जिन्यात थबकले. एकाने पिशवी उचलून गाडीत ठेवली. हमरस्त्याने शहरात शिरताना सुकन्या मागच्या सीटवर बापाला ताठ धरून बसली होती. आडवे केले की श्वास बंद व्हायचा. मॅडम हॉर्नवरचा हात काढत नव्हत्या. एकदाच त्यांनी विचारले, "चालू आहे ना?" सुकन्या म्हणाली, "चालू आहे."

रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांत त्यांच्या गळ्याला छेद देऊन श्वासासाठी नळी घालण्यात आली. ओठांचा रंग परत आला. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे शुक्रवारीच होईल, असे डॉक्टरांनी सांगितले. नळी घातल्यानंतर जोतिराम बोललेले नाहीत. बोलू शकत नव्हते.

संध्याकाळी मायाक्काचा फोन आला. तिच्याकडे फोन नाही. दीर अजिनाथ मेंढरं घेऊन परत आला की त्याच्या फोनवरून ती बोलते.

"पोचल्यात का?"

"व्हय, आई. दाखल केलंय."

"दी की त्यास्नी फोन."

सुकन्याने कॉटकडे पाहिले. जोतिराम जागे होते. त्यांना ऐकू येत होते.

"झोपल्यात, आई."

"झोपल्यात तर घोरनं कसं ऐकू येईना?"

"लांब हाय मी. बाहीर हाय."

"लांब हाईस तर मग त्ये सूं-सूं काय वाजतंय कानाजवळ?"

ते नळीतून येणाऱ्या श्वासाचे होते. सुकन्याने पंखा आहे असे सांगितले. मायाक्काने पंख्याचे ऐकून घेतले. मग म्हणाली, "उद्या सकाळी आत न्ह्यायच्या आदी फोन लाव. दोन शबुद बोलू दी." आणि फोन अजिनाथला परत दिला. अजिनाथला सुकन्याने खरे सांगितले. वहिनीला आपण काही सांगणार नाही, असे तो म्हणाला.

लॅबमध्ये कार्यशाळा दोन तास उशिराने झाली. ती संपल्यावर सिद्धलिंग ध्वनिकक्षात बसला. पुसलेल्या फाईलींतून दिवसभरात काहीच हाती लागले नव्हते. ते काम त्याने बंद केले. दुपारच्या ध्वनिमुद्रणातला खोकला, सुकन्याचा आवाज, माइकला लागलेले उपरणे, शिट्टी, हे सगळे त्याने एकेक करून कापले. शेवटचे, कागदात नसलेले बोलणे त्याने आधी वेगळे काढून तसेच्या तसे जपले, मग त्यातले चांगले तुकडे बाकीच्यात जोडले. सगळे मिळून अठरा मिनिटे भरली. सॉफ्टवेअरला किमान तीस लागत होती. पडद्यावर सूचना आली: नमुना अपुरा आहे, दर्जाची खात्री देता येणार नाही, तरीही पुढे जायचे का? त्याने होय केले.

शुक्रवारी सकाळी साडेसातला जोतिराम यांना आत नेले. त्याआधी सुकन्याने अजिनाथला फोन लावला नाही. अजिनाथनेही केला नाही. दाराशी स्ट्रेचर थांबले तेव्हा जोतिराम यांनी तिला बोटाने जवळ बोलावले. ती वाकली. त्यांचे ओठ हलले. तिला शब्द लागला नाही. तिने "व्हय, आबा" म्हटले.

ऑपरेशन चार तास चालेल असे सांगितले होते. चार तास झाले. नर्सने बाहेर येऊन सांगितले की अजून वेळ लागेल, गाठ अंदाजापेक्षा खाली गेली आहे.

दुपारी एकच्या सुमारास सिद्धलिंगने सुकन्याला एक छोटी ध्वनिफीत पाठवली. तयार झालेल्या आवाजातले पहिले वाक्य. वाक्य त्याने स्वतः टाइप केले होते: सुकेची आय, मी हितंच हाय. फितीखाली त्याने लिहिले होते, "मला कळत नाहीय. तुम्ही ऐकून सांगा."

सुकन्याने जिन्यात जाऊन ते तीनदा ऐकले. पहिल्यांदा तिला आबांचा वाटला. दुसऱ्यांदा वाटला नाही. तिसऱ्यांदा तिला सांगता येईना. तिने सिद्धलिंगला उत्तर दिले नाही. फीत अजिनाथच्या फोनवर पाठवली आणि खाली लिहिले, "काका, आईला ऐकवा. कोणाचा आवाज आहे ते सांगू नका. विचारा."

अजिनाथ मेंढरं घेऊन कालव्याच्या अलीकडच्या माळावर आहे. तिथे फोनला रेंज नसते.

दुपारी अडीचपर्यंत शस्त्रक्रियागृहाचे दार उघडलेले नव्हते आणि सुकन्याच्या फोनवर त्या संदेशापुढे एकच टिक होती.